पिवळे पडलेले हेडलाइट घरीच घासले; आता ही चकाकी टिकवायची कशी?

घाटवाट_चिपळूण | १९ एप्रिल

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण हे काम मी तिसऱ्यांदा करतोय आणि चौथ्यांदा करायची इच्छा नाही.

गाडी २०११ ची वॅगन आर. चिपळूणला घरासमोर उघड्यावर उभी असते, तोंड दक्षिणेला. वडील बहात्तरचे आहेत. महिन्यातून दोनदा तरी त्यांची कराडला फेरी असते, आणि परतताना कुंभार्ली घाट उतरेपर्यंत अंधार होतोच. फेब्रुवारीत एकदा जेवताना म्हणाले, "रात्रीचं आता नीट दिसत नाही रे, डोळे दाखवून येतो." दाखवले. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालेलं, चष्म्याचा नंबर होता तोच. मग एका रात्री मीच गाडी घेऊन पोफळीच्या पुढे दोन वळणं वर चढून आलो. अप्पर (लांबचा उजेड) लावला तरी समोर चहाच्या रंगाचा एक गोळा, आणि त्याच्या पलीकडे काळोख. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी गाडीच्या नाकाशी येईपर्यंत दिसत नव्हती. चाळीसच्या वेगाला गाडी सेकंदाला अकरा मीटर पुढे जाते. वडील इतके दिवस असे येत होते आणि दोष स्वतःच्या डोळ्यांना देत होते, हे माझ्या मनातून जात नाही.

आधीचे दोन प्रयत्न थोडक्यात सांगतो. दीड वर्षापूर्वीच्या दिवाळीला टूथपेस्ट लावून चोळलं. आठवडाभर छान दिसलं, तुळशीच्या लग्नापर्यंत पुन्हा पहिल्यासारखं. गेल्या मे महिन्यात ऑनलाइन मिळणारं तयार किट आणलं. त्यात घासायच्या पेपरचे तीन तुकडे, एक कंपाऊंडची (पॉलिशच्या पेस्टची) ट्यूब आणि शेवटी लावायला मेण. दोन महिने अगदी नव्यासारखं. श्रावण संपता संपता वरच्या कडेपासून पिवळेपणा उतरू लागला आणि संक्रांतीला आधीपेक्षा जास्त पिवळा. हे "आधीपेक्षा जास्त" का झालं ते मला कळलेलं नाही.

या वेळी काल आणि आज मिळून असं केलं:

गाडी सावलीत लावली. हेडलाइट शॅम्पूनं धुतला, चिकट माती एकदम गेली पाहिजे, नाहीतर वाळूचा एक कण पेपरखाली सापडला तर तोच ओरखडे पाडत राहतो. बॉनेट, बंपर आणि फेंडरच्या कडांवर मास्किंग टेपचे तीन थर लावले. मागच्या वेळी एकच थर लावला होता, तो ओला होऊन निघाला आणि बंपरच्या कोपऱ्यावरचा रंग गेला. तो डाग अजून आहे.

हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर (ओला करून घासायचा पेपर) आणला, ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचा; नंबर मोठा तितका पेपर बारीक. पेपर पंधरा मिनिटं बादलीत भिजत टाकला. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि शॅम्पूचे दोन थेंब. पेपर बोटांनी न दाबता फोमच्या तुकड्यावर गुंडाळून घासला, कारण बोटांनी दाबलं की बोटांखाली खोल आणि मध्ये उथळ असे पट्टे पडतात.

६०० चा पहिला हात फिरवला तेव्हा खाली जे पाणी ओघळलं ते पिवळसर होतं, हळदीचं दूध सांडल्यासारखं. घासत गेलो तसं ते पांढरं होत गेलं. मात्र पांढरं पाणी आलं म्हणजे झालं असं मागच्या वेळी समजलो, तिथेच चुकलो असणार. या वेळी काच पुसून, पूर्ण वाळवून, तिरक्या उन्हात पाहिली. वरच्या अर्ध्या भागात नकाशातल्या बेटांसारखे आकार दिसत होते. त्यांच्या कडेवरून नख फिरवलं की किंचित अडत होतं. तो कंपनीचा मूळ थर, अर्धा सुटलेला आणि अर्धा घट्ट. तो सगळा निघेपर्यंत ६०० सोडायचा नाही असं ठरवलं. एका बाजूला एक तास वीस मिनिटं लागली, त्यातला पाऊण तास या बेटांचाच.

पुढचे नंबर पटापट झाले. एक नंबर आडवा घासला की पुढचा उभा. उभ्या रेघांमध्ये एखादी आडवी दिसली तर आधीचा नंबर अपुरा राहिला हे लगेच कळतं. आता दोन्ही हेडलाइट २००० पर्यंत आलेत. दुधी काचेसारखे दिसतात, पण पाणी मारलं की आरपार स्वच्छ, आतला बल्ब, रिफ्लेक्टरवरच्या रेघा सगळं दिसतं. पाणी वाळलं की पुन्हा दुधी.

इथून पुढे विचारायचं आहे. कंपाऊंडनं पॉलिश करून मेण लावलं तर पुन्हा दोन महिने. वर्ष-दोन वर्षं टिकेल असा थर कोणता? पावसाला दीड महिना राहिलाय, त्याच्या आत हे उरकायचं आहे.

रात्रपाळी_ठाणे | १९ एप्रिल

एवढा खटाटोप खरंच लागतो का? मी दर दोन महिन्यांनी टूथपेस्टनं दहा मिनिटं चोळतो. चकचकीत होतात. आमचा प्रवास शहरातलाच, रस्त्यावर दिवे असतात.

घाटवाट_चिपळूण | १९ एप्रिल

दादा, तुमच्या रस्त्यावर दिवे आहेत म्हणून चालतं. घाटात गाडीचा उजेड तेवढाच उजेड. आणि दर दोन महिन्यांनी चोळताना थर कमी होत जातो, तो परत कुठून येणार?

पान्याचा_हात_सांगली | १९ एप्रिल

गेली एकोणीस वर्षं गॅरेज चालवतोय. तुमचं घासणं बरोबर आहे. ती बेटं काढल्याशिवाय वर काहीही मारलं तरी कड दिसते आणि तिथूनच नवा थर सुटतो.

इतर वाचणाऱ्यांसाठी आधीचं एक सांगतो, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. पेपर हातात घ्यायच्या आधी दोष बाहेर आहे की आत ते बघा. बाहेरून काचेवर पाणी मारा. पाणी असेपर्यंत स्वच्छ दिसलं तर दोष बाहेरचा, तो घासून जाईल. पाणी मारूनही धुरकटच दिसलं तर दोष आतला. आत थेंब जमत असतील तर मागचं रबरी झाकण नीट बसलंय का, हवा जायची नळी चिखलानं बुजली आहे का, काचेचं सील सुटलंय का ते बघायचं. बल्ब बदलताना मागचं रबर उलटंसुलटं बसवून दिलेल्या गाड्या माझ्याकडे पावसाळ्यात सतत येतात.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट. काच स्वच्छ, पण आतला रिफ्लेक्टर करपलेला. एच-फोर बल्ब (अप्पर आणि डिपर एकाच बल्बात) ६०/५५ वॅटचा असतो. उजेड कमी म्हणून लोक १००/९० चा टाकतात. त्या उष्णतेनं होल्डर वितळतो, वायर कडक होते आणि रिफ्लेक्टरचा चंदेरी थर काळवंडतो. मग बाहेरून कितीही घासा, उजेड परत येत नाही. पूर्ण युनिट बदलावं लागतं.

आणि हात जोडून एक सांगणं. सध्या सगळीकडे वाफेचा कप फिरतोय. कपात द्राव गरम करायचा, त्याची वाफ हेडलाइटवर धरायची, पाच मिनिटांत काच लख्ख. गिऱ्हाईक खूश होतं. मी दोन महिने वापरला आणि बंद केला. डोकं जड व्हायचं, मळमळायचं, माझ्या पोराला तर एकदा चक्कर आली. आणि सात-आठ महिन्यांनी त्यातल्या काही गाड्या परत आल्या, तेव्हा काचेत आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे होते. ते कशानंच निघत नाहीत.

रेणू_पुणे | २० एप्रिल

मी रंग आणि लेपांच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. घाटवाट, "आधीपेक्षा जास्त पिवळा का" या तुमच्या प्रश्नात सगळं आहे.

आपण काच म्हणतो ती काच नाही, पॉलिकार्बोनेट आहे. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीत हेर्मान श्नेल यांनी आणि जवळपास त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांनी हे प्लास्टिक स्वतंत्रपणे शोधलं. पोलिसांच्या पारदर्शक ढाली याच्याच असतात, इतकं चिवट. दगड लागला तर फुटत नाही, वजनाला हलकं, हवा तसा आकार देता येतो. म्हणून गाड्यांनी काच सोडून हे घेतलं. पण त्याच्या दोन उणिवा आहेत. एक, त्याच्यावर ओरखडे लवकर पडतात. दोन, उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. पृष्ठभागावरचे रेणू तुटतात, वेगळ्या पद्धतीनं जुळतात, आणि हे नवे रेणू निळा प्रकाश शोषून घेतात. निळा वजा झाला की आपल्याला पिवळं दिसतं. पुढे त्याच थराला सूक्ष्म भेगा पडतात, त्यांच्यामुळे प्रकाश विखुरतो. हा झाला धुरकटपणा.

हे माहीत असल्यामुळेच कारखान्यात हेडलाइटवर एक कडक पारदर्शक थर चढवलेला असतो, त्यात अतिनील किरण शोषणारं द्रव्य असतं. तुमच्या गाडीचा तो थर बरीच वर्षं टिकला. तो झिजला, सुटला, म्हणून पिवळेपणा आला. गेल्या मे महिन्यात तुम्ही पेपरनं पिवळा भाग काढलात आणि त्याबरोबर जो काही चांगला थर शिल्लक होता तोही काढलात. खालचं पॉलिकार्बोनेट उघडं पडलं आणि वर फक्त मेण. ते दोन-चार धुण्यांत जातं. म्हणजे तुमच्या हेडलाइटनं मागचं वर्ष जवळजवळ उघड्या अंगानं उन्हात काढलं. टूथपेस्टचंही तेच, ती म्हणजे अगदी बारीक पेपर.

म्हणून घासणं हे निम्मंच काम आहे. काढलेल्या थराच्या जागी नवा थर दिला नाही तर न घासलेलं बरं, असं मी स्पष्टच म्हणेन.

पर्याय तीन. पहिला, फडक्यानं पुसून लावायचे अतिनीलरोधक लेप, बाटलीत मिळतात. घरी करायला सोपे, वर्षभर धरून चालू शकता. यासाठी पेपर २०००-३००० पर्यंत न्यावा लागतो. दुसरा, पेंटरकडचा टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर (कडक करणारं द्रव्य) मिसळून गनने मारायचा पारदर्शक लेप. हा चाळीस-पन्नास मायक्रॉनचा थर होतो, सर्वांत टिकाऊ. यासाठी मात्र काच चकचकीत करायची नाही. ८०० किंवा १००० वर थांबायचं, कारण क्लिअरला धरायला खरखरीतपणा लागतो आणि त्या रेघा क्लिअर स्वतः भरून काढतो. तुमचं पाणी मारून बघणं हीच त्याची परीक्षा: पाण्यानं आरपार दिसलं तर क्लिअरनंही दिसेल. तिसरा, पारदर्शक पीपीएफ, म्हणजे गाडीच्या रंगाच्या रक्षणासाठी चिकटवतात ती फिल्म. चांगली लावली तर उत्तम, पण वॅगन आरच्या वळणावर ती सुरकुतीशिवाय बसवायला सरावाचा हात लागतो.

टू-के क्लिअरबद्दल ताकीद. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो. कागदी किंवा कापडी मास्क काही कामाचा नाही. घराच्या अंगणात करू नका, पेंटरकडे जा, आणि त्याच्याकडे कार्ट्रिजवाला मास्क आहे का तेही बघा.

सांगलीकर दादा, तुमच्या कपातला द्राव बहुधा क्लोरीनयुक्त असणार. असे द्राव पॉलिकार्बोनेटचा वरचा थर विरघळवतात, म्हणून गुळगुळीत दिसतं. पण प्लास्टिकच्या आत ताण साठतो, तेच पुढे तडे म्हणून बाहेर येतात. यकृताला आणि मज्जासंस्थेला त्याची वाफ घातक आहे. बंद केलंत ते फार बरं केलंत. डास पळवणारं क्रीम किंवा स्प्रे चोळायचा व्हिडिओही फिरतोय, त्यातलं डीईईटी प्लास्टिक असंच विरघळवतं. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, यातलं काहीही नको.

पांढरी_कपाशी_अकोला | २० एप्रिल

रेणूताई, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो आणि गाड्या ऑफिसच्या पटांगणात दिवसभर उन्हात असतात. पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे हेडलाइट आधी जातात, हे मी आमच्याच रांगेत मोजून पाहिलंय. माझी गाडी पाच वर्षांची, पण डावा हेडलाइट उजव्यापेक्षा पिवळा, कारण दुपारनंतर उजव्यावर भिंतीची सावली येते.

मी पुसून लावायचा लेप वापरला. मागच्या वर्षी गुढीपाडव्याला लावला, आता वरच्या कडेला अगदी हलकी झाक दिसतेय. लावताना झालेली एक चूक सांगते. दुपारी बारा वाजता, काच तापलेली असताना लावला. फडकं पुढे जाईपर्यंत मागचं वाळत होतं, त्याचे पट्टे राहिले. दुसरा हेडलाइट सकाळी साडेसहाला केला, तो एकसारखा आला. आणि लावायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायला विसरू नका, बोटांचा तेलकटपणा राहिला तर तेवढाच ठसा सुटतो.

आता उभी करताना गाडीचं तोंड भिंतीकडे ठेवते. त्याला काही खर्च नाही.

मुंबई_पुणे_रोज | २० एप्रिल

एवढी मेहनत करण्यापेक्षा बाजारातून नवीन जोडी घ्या आणि विसरा. जुन्या गाडीला मिळतात स्वस्तात.

जर्सीचा_पाऊस | २१ एप्रिल

याबद्दल इथली एक चाचणी सांगतो. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१८ मध्ये टोयोटाच्या अकरा वर्षं जुन्या दोन मॉडेलांचे हेडलाइट तपासले. डिपरवर (जवळच्या उजेडावर) त्यांचा उजेड नव्याच्या फक्त २२ टक्के भरला. घासून पॉलिश केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांवर आला. गाडीच्या कंपनीचेच नवे लावले तर पूर्ण, आणि बाजारातले दुसऱ्यांनी बनवलेले लावले तर ८३ ते ९० टक्के. पण त्या दुसऱ्या प्रकारात उजेडाची दिशा आणि तीव्रता यांच्या काही अटी पूर्ण झाल्या नव्हत्या.

यातून मला एवढं कळलं की घासणं हा खरा उपाय आहे, नुसतं दिसण्यापुरतं काम नाही. मीही इथे माझ्या २००९ च्या गाडीचं केलंय. इकडे दुकानात घासणं आणि लेप असं एकत्र किट मिळतं. लेप लावल्यावर चोवीस तास पाणी लागू द्यायचं नव्हतं आणि नेमका पाऊस आला, म्हणून रात्री छत्री बांधून ठेवली होती.

पान्याचा_हात_सांगली | २१ एप्रिल

मुंबई_पुणे_रोज, नवीन टाकायला माझी ना नाही. रिफ्लेक्टर करपला असेल तर मीच तसं सांगतो. पण स्वस्तातली जोडी घेतलीत तर दोन गोष्टी बघा. एक, आतला रिफ्लेक्टर. भिंतीवर उजेड टाकला की डिपरची वरची कड कापल्यासारखी सरळ दिसली पाहिजे. स्वस्तातल्यात ती फिसकटलेली असते आणि समोरच्याच्या डोळ्यांत जाते. दोन, वरचा अतिनील थर. तो नीट नसेल तर दीड-दोन वर्षांत पुन्हा हेच. कंपनीचं खरं युनिट परवडत असेल तर जरूर घ्या. आणि ज्या नव्या गाड्यांचा एलईडी हेडलाइट सीलबंद येतो, त्यांचं पूर्ण युनिट फार महाग पडतं. त्यांनी तर हा धागा जपून ठेवावा.

घाटवाट_चिपळूण | २७ एप्रिल

सर्वांचे मनापासून आभार. रेणूताई, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते दोनदा म्हणाले, "म्हणजे डोळे ठीक आहेत."

टू-के क्लिअर करायचं ठरवलं. इथल्या एका पेंटरमामांकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न, "एवढे चकचकीत कशाला केलेत?" ताईंनी सांगितलं तेच. दोन्ही हेडलाइट पुन्हा १००० वर आणले, जीव थोडा हळहळला. बंपरचे वरचे क्लिप काढून त्यांनी हेडलाइट बाहेरच घेतले, त्यामुळे कडा आणि मागची बाजू नीट घासता आली. गाडीवर असताना बॉनेटखालच्या दोन बोटं जागेत माझा पेपर पोचलाच नव्हता, तिथे जुना थर तसाच होता. ज्यांना जमेल त्यांनी युनिट काढूनच करावं.

मामांनी अल्कोहोलनं पुसलं, मग चिकट फडक्यानं धूळ टिपली. पहिला हात इतका हलका मारला की वाटलं काही लागलंच नाही, नुसते दवाचे थेंब. मी विचारलं तर म्हणाले, पहिलाच जाड मारला तर क्लिअरमधला थिनर प्लास्टिक खातो. हा पातळ थर आधी सुकू द्यायचा, तो ढाल होतो. दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा ओला हात. तिसऱ्या हाताला माझ्या डोळ्यांदेखत दुधी काच डावीकडून उजवीकडे आरपार होत गेली. गन पुढे सरकेल तशी मागे आतली वाटी, बल्बचं टोक, स्क्रूचं डोकं उमटत होतं. मी तिथे काही न बोलता उभा राहिलो.

मास्क त्यांच्याकडे दोन कार्ट्रिजचा होता. मी दार ओलांडून बाहेर, वाऱ्याच्या उलट दिशेला. दोन दिवस युनिट त्यांच्याकडेच ठेवले. पेपर, टेप, क्लिअर आणि त्यांची मजुरी मिळून साडेनऊशे झाले.

काल रात्री परत बसवले. पाच मीटरवर शाळेची कंपाउंडची भिंत आहे, तिच्यासमोर सपाट जागेवर गाडी लावली. घासायच्या आधी याच भिंतीवर मला एकच पिवळा ढग दिसला होता. आता डिपरची वरची कड सरळ दिसते आणि डाव्या बाजूला वर चढणारी तिरकी रेघही दिसते. आपण डावीकडून चालतो म्हणून डावी कड जास्त लांब उजळायची अशी ती रचना असते, ती रेघ मी या गाडीत बऱ्याच वर्षांनी पाहिली.

सांगलीकर दादा, एक विचारतो. युनिट काढून बसवलं तर उजेडाची उंची बदलते का?

पान्याचा_हात_सांगली | २७ एप्रिल

बदलू शकते, बघाच. भिंतीवर बल्बच्या मध्याच्या उंचीला खडूची खूण करा. पाच मीटरवर डिपरची सरळ कड त्या खुणेपासून साधारण पाच-सहा सेंटीमीटर खाली हवी. चाकांत हवा बरोबर, डिकी रिकामी, चालकाच्या जागी एक माणूस. डॅशबोर्डवर उंचीची ० ते ४ ची चक्री असेल तर ती शून्यावर ठेवून मगच मागच्या स्क्रूनं जुळवा. काच स्वच्छ झाली की उजेड वाढतो, तो जर वर गेला तर समोरून येणारा आंधळा होतो. घाटात हे जास्त महत्त्वाचं.

रात्रपाळी_ठाणे | २९ एप्रिल

माझं आधीचं म्हणणं मागे घेतो. काल पावणेदोनला घोडबंदर रोडवर एका पट्ट्यात दिवे गेले होते. तेवढ्या पाच मिनिटांत कळलं मला काय दिसत नाही ते. रविवारी बसतो.

नारळीपौर्णिमा_मालवण | १४ जून

उशिरा वाचला हा धागा. मी गेल्या आठवड्यात गावातल्या पेंटरकडून क्लिअर मारून घेतला, पण दुसऱ्या दिवशी पूर्ण काच दुधाळ. पाणी मारलं तरी जात नाही. सगळं वाया गेलं का?

रेणू_पुणे | १४ जून

पावसात मारलात का? हवेत एवढा दमटपणा असताना क्लिअर सुकताना पृष्ठभाग गार पडतो, बाष्प त्यात अडकतं आणि दुधाळ होतं. हार्डनरलाही पाण्याचा स्पर्श सोसत नाही. वाया काहीच गेलं नाही. वरवरचं असेल तर आठवडाभर पूर्ण कडक होऊ द्या, मग २००० चा पेपर हलक्या हातानं फिरवून कंपाऊंड करून बघा. खोलवर असेल तर काढून पुन्हा मारावं लागेल. त्यासाठी ऑक्टोबरपर्यंत थांबा. कोकणात पावसाळ्यात हे काम करूच नये.

नारळीपौर्णिमा_मालवण | १४ जून

हो, भर पावसातच. थांबतो ऑक्टोबरपर्यंत.

दुचाकीवाली_नाशिक | २ जुलै

स्कूटरच्या हेडलाइटला हेच चालेल का? आणि पुढच्या पारदर्शक विंडशील्डला?

घाटवाट_चिपळूण | २ जुलै

ताई, हेडलाइटला हेच. आकार लहान म्हणून पेपरचे बिस्किटाएवढे तुकडे करा. विंडशील्ड मात्र कधी पॉलिकार्बोनेटची असते, कधी अ‍ॅक्रिलिकची, आणि तिच्यातून आरपार बघायचं असतं. जराशी लाट राहिली तरी समोरचं वाकडं दिसतं. ती घासू नका, बदला.

घाटवाट_चिपळूण | २१ सप्टेंबर

पाऊस संपत आला, म्हणून सांगायला आलोय.

पाच महिने झाले. दोन्ही हेडलाइटवर पिवळेपणाची झाकसुद्धा नाही. पाणी मारलं तर थेंब गोल होऊन घसरतात. गणपतीत वडिलांबरोबर कराडला गेलो आणि परत येताना गाडी त्यांनाच चालवू दिली. कोयनानगर सोडलं तेव्हा साडेसात झाले होते, हेळवाकनंतर धुकं. मी मुद्दाम गप्प बसून रस्त्याकडे बघत होतो. धुक्यात अप्पर लावला की पांढरी भिंत उभी राहते, तेव्हा डिपरवरच चालवावं लागतं, आणि डिपरला डाव्या कडेची पट्टी सलग दिसत होती. घाटात एका वळणावर कठड्यालगत म्हैस बसली होती. वडिलांनी ती माझ्या आधी पाहिली आणि गाडी शांतपणे उजवीकडे घेतली.

एक दोष निघालाय तोही सांगतो. उजव्या हेडलाइटच्या आतल्या कोपऱ्यात, बॉनेटच्या रबराशी, नखाएवढा क्लिअर उचललाय. मामांना दाखवलं. तिथे घासणं कमी पडलं होतं, म्हणजे माझंच काम. ते म्हणाले, तेवढाच भाग ८०० नं घासून कड उतरती करू आणि तिथे हात मारू, पूर्ण काढायची गरज नाही. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की युनिट घेऊन जातोय.

मालवणकर, तुम्हीही त्याच सुमारास करून घ्या. कसं झालं ते इथेच लिहा.